टाचणीची पाळी

दोन हजार एकोणीस साल. जानेवारीचा शेवटचा आठवडा. त्या वर्षी थंडी लांबली होती. मी सांगतोय ती गुरुवारची रात्र.

मोबाईल खाली ठेवा. मध्ये बोलायचं नाही. पटलं नाही तर उठून जा, दार उघडं आहे.

माझ्या दुकानाच्या शेजारी एक शिंपी होता. त्याला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं. गिऱ्हाईक जाड असलं की म्हणायचा, "साहेब, तुमचा कोट शिवायचा की खोलीला पडदा?" तरी लोक त्याच्याकडेच यायचे. हात सोन्याचा होता.

त्या संध्याकाळी तो एका डॉक्टरांचा कोट पोचवायला निघाला होता. कोट हातावर टाकलेला, वर स्वच्छ चादर. दवाखान्याच्या फाटकाशी मेव्हणी भेटली. त्याच्या बायकोची धाकटी बहीण. डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला.

"भावजी, आज तुमची पाळी आहे. दोन ते तीन. याल ना?"

"येईन म्हटलंय ना."

"डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघाली तर..."

"येतो म्हटलं. किती वेळा सांगू?"

पाळी म्हणजे काय ते सांगतो. ही मंडळी ख्रिस्ती. त्यांच्यात कुणी अत्यवस्थ झालं की रात्रभर देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रार्थना चालते. एकेकाने एक तास गुडघ्यावर बसायचं, डोळे मिटून. खंड पडू द्यायचा नाही. पुढचा माणूस येतो, पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो, "आता मी." पहिल्याने उठायचं आणि निघायचं. वळून बघायचं नाही, बोलायचं नाही. प्रार्थना मोडते म्हणून.

आजारी कोण, तर मेव्हणीचा नवरा. टाचणीचा साडू. ट्रक चालवायचा. मोठ्याने हसणारा, एकेकाळी भरपूर पिणारा. छातीत कफ भरला होता, ताप हटत नव्हता. नळ्या लावल्या होत्या.

आता टाचणीच्या पोटात काय होतं ते ऐका. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिचीही छातीच. दमा. चार शब्द बोलली की थांबायची. तिच्यासाठीही पाळ्या लागल्या होत्या. साडू तेव्हा प्यायचा, पण पाळीला आंघोळ करून आला होता. स्वतःची पाळी केली आणि पुढचा आजारी पडला म्हणून त्याचीही केली. सकाळी ती गेली.

तेव्हापासून टाचणी रविवारी देवळात जायचा. बाकावर बसायचा. तोंड उघडायचा नाही. पाळकांनी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मापं घेतोय साहेब, तुमचा झगा खांद्यात ढिला आहे."

साडू आजारी पडल्यावर मला मात्र एकदा बोलला होता. "तिने आयुष्यात कुणाचं वाकडं चिंतलं नाही. ती गेली. आणि हा उठला, तर मी काय समजायचं? की तिच्यातच काही कमी होतं?"

मी काय बोलणार? मी सायकली दुरुस्त करतो.

तर रात्री दोनला तो देवळात गेला. आधीचा माणूस उठून गेला. टाचणी गुडघ्यावर बसला, डोळे मिटले. समोर एक दिवा.

त्याने मागितलं नाही. नुसता बसला. ओठ घट्ट. साडूने तिच्यासाठी केली ती पाळी परत करायची, म्हणजे तासभर गुडघे टेकायचे, संपलं. एवढाच त्याचा हिशेब. आणि मनात एकच घोकत होता... तिला नेलंस. याला ठेवू नकोस. तिला नेलंस. याला ठेवू नकोस.

तिकडे दवाखान्यात तो माणूस एकेका श्वासासाठी झटत होता. इकडे हा असा.

खांद्यावर हात पडला.

"आता मी."

हलका आवाज. टाचणी उठला. त्याला सुटल्यासारखं झालं. वळला नाही. बोलला नाही. बाहेर पडला, दार ओढून घेतलं.

गल्लीच्या टोकाला टॉर्च दिसला. दूधवाला. तीनची पाळी त्याची होती. कानाला मफलर गुंडाळून येत होता.

टाचणीला बघून तो जागीच थांबला.

"अहो टाचणीशेठ... तुम्ही बाहेर कसे?"

"पाळी झाली माझी."

"कुठे झाली? आत्ताशी अडीच वाजतायत. झोप लागेना म्हणून मी लवकर निघालो." मग दूधवाल्याने देवळाकडे बघितलं. "तिथे कोण बसलंय?"

टाचणी वळून दाराकडे बघायला लागला.

दार वाजलं होतं का? त्या दाराच्या बिजागऱ्या मेलेल्या माणसाला उठवतील अशा करकरतात. खांद्यावर हात ठेवणारा आत येताना वाजलं होतं का?

नव्हतं.

दोघं परत निघाले. देवळाला दार एकच. बाजूने दुसरी वाट नाही.

पायरीशी आले. आतून आवाज येत होता.

बाईचा.

"आपल्यातलीच कुणी असेल," दूधवाला हळूच म्हणाला.

टाचणीने हात वर केला. गप्प.

आवाज प्रार्थना करत होता. साडूसाठी. त्याला घरात ज्या लाडाच्या नावाने हाक मारायचे, त्या नावाने. प्रभू, त्याची छाती मोकळी कर. प्रभू, माझ्या बहिणीचं कुंकू... नाही, थांबा. तसं नाही. टाचणीने मला सांगितलं ते असं होतं. प्रभू, माझ्या बहिणीला एकटं करू नकोस, त्याची छाती मोकळी कर, त्याला घरी पाठव.

एका दमात. कुठे थांबणं नाही. कुठे धाप नाही.

म्हणून आधी त्याला ओळखू आला नाही.

मग आला.

तुम्हाला वाटेल तो घाबरला. नाही. दूधवाला घाबरला, दोन पायऱ्या मागे सरला. टाचणीला राग आला. मला स्वतः म्हणाला, "तीन वर्षं मी त्या रिकाम्या खाटेशी बोलतोय. एकदा आली नाही. एकदा. आणि आली तर त्याच्यासाठी?"

त्याने दार ढकललं.

करकर...

दिवा जळत होता. बाक रिकामे.

कोणी नाही.

आवाजही नाही.

"का?" टाचणी म्हणाला. मोठ्याने. "माझ्यासाठी का नाही?"

दूधवाल्याने बाकांखालून टॉर्च फिरवला. बाहेर कुत्रं नाही, वारा नाही. फक्त टाचणीचा श्वास... मोठा, तुटका... जशी ती श्वास घ्यायची तसा.

मग तो श्वास हळूहळू बसला. टाचणी पुटपुटला, "तिला धाप लागत नव्हती."

दूधवाल्याला काही समजलं नाही.

"अरे, तिला धाप लागत नव्हती. ऐकलंस ना तू? सगळं एका दमात."

"ऐकलं," दूधवाला म्हणाला. "शेठ, चला इथून. नाहीतर मी बसतो, तुम्ही जा."

"तू मागे बस. माझी पाळी व्हायची आहे अजून."

तो गुडघ्यावर बसला. आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा प्रार्थनेला तोंड उघडलं. दूधवाल्याला ते शब्द पाठ आहेत, मलाही आहेत.

"प्रभू, मला त्याचा हेवा वाटतो. अजून वाटतो. तरी त्याला बरं कर. मला रडवलंस तसं तिच्या बहिणीला रडवू नकोस. मला पटो न पटो, त्याला बरं कर."

तेच तेच म्हणत राहिला. शेवटी शेवटी नुसतं "बरं कर". चार वाजून गेले तरी उठेना. चारच्या पाळीचा माणूस येऊन दाराशीच उभा राहिला. खांद्यावर हात ठेवायचं त्याचं धाडस झालं नाही.

उजाडताना फोन वाजला. मेव्हणी. हुंदक्यांतून बोलत होती.

"भावजी... ताप उतरला. डोळे उघडले. पाणी मागितलं त्यांनी."

"बरं," टाचणी म्हणाला. फोन ठेवला. तोंडावर हात घेऊन बसला. हात काढले तेव्हा, दूधवाला म्हणतो, माणूस वेगळाच दिसत होता. अंगातला मुरलेला ताप जावा तसा.

देवळाच्या भिंती घासायचं काम तेव्हा चालू होतं. फरशीवर पांढरी भुकटी बसलेली. दूधवाला झाडू घेऊन आला आणि थबकला. टाचणीच्या गुडघ्यांच्या खुणा होत्या, मोठ्या, फरफटलेल्या. त्यांच्या शेजारी आणखी दोन. लहान. अगदी चिकटून.

त्या लहान खुणांपर्यंत येणारी लहान पावलं नव्हती. परत जाणारी नव्हती.

टाचणीने त्याच्या हातातला झाडू काढून घेतला. कोपऱ्यात उभा करून ठेवला.

आठवड्याने साडू घरी आला. टाचणी त्याला बघायला गेला. त्याच्या खाटेच्या कडेला बसला.

"तू तिच्यासाठी पाळी केली होतीस," तो म्हणाला. "ती फिटली. आम्ही दोघांनी मिळून फेडली."

साडू सरकला आणि त्याला नीट बसायला जागा केली.