तिसरं रिसॉर्ट

हनिमूनची जोडपी दुकानात आली की मामा त्यांच्यासमोर तीन कागद ठेवायचा. दोन नाही, चार नाही, तीन. पहिला गर्दीच्या किनाऱ्याचा, जिथे पाय पसरले तर शेजारच्याच्या ताटात जातील. दुसरा एका नीटनेटक्या, बेताच्या रिसॉर्टचा. मामाला गिऱ्हाईक पाठवायचं असायचं ते इथेच. आणि तिसरा कागद म्हणजे पांढरी वाळू, निळंशार पाणी, पाच झोपड्या, दोन रिकाम्या खुर्च्या आणि आसपास चिटपाखरू नाही. खाली लिहिलेलं: शेवटच्या स्टॉपपर्यंत बस, पुढे आमची गाडी. फोनला रेंज नाही. डॉक्टर नाही. तुम्ही दोघं आणि समुद्र.

जोडपी तो फोटो बघून आधी विरघळायची. मग 'डॉक्टर नाही' वाचून एकमेकांकडे बघायची आणि गुपचूप दुसरा कागद उचलायची. एकोणीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

आणि फसून चालणारही नव्हतं. तिसरं रिसॉर्ट मुळात नव्हतंच.

मामाला सगळा बाजार मामा म्हणायचा, कारण त्याने सगळ्या बाजाराला कधी ना कधी मामा बनवलं होतं. दुकान नवीन होतं तेव्हा मागच्या अंगणात शेजारच्या बांधकामाची वाळू पडली होती. त्या बारीक वाळूवर मामाने एक किनारा थापला. समुद्राच्या जागी विटांवरची निळी ताडपत्री अंथरली. मामीने खराट्याच्या काड्यांच्या पाच झोपड्या आणि काडेपेटीतल्या काड्यांच्या दोन खुर्च्या केल्या. एका कोपऱ्यात टिकलीची खेळण्यातली पिवळी गाडी उभी केली, तिचं मागचं एक चाक तुटलेलं. टिकली म्हणजे मामाची खरी भाची, तेव्हा सहा वर्षांची. गाडीसाठी तिने दोन दिवस भोकाड पसरलं होतं. मग सकाळी अकराच्या उन्हात मामा कॅमेरा घेऊन वर ओणवा झाला आणि त्या रिकाम्या खुर्च्यांना म्हणाला, "हसा बघू!" मामी हसून हसून वाळूत बसली. त्या गोंधळात लेन्सचं काळं झाकण वाळूत हरवलं ते हरवलंच. त्यावरून मामी अजून टोमणे मारायची.

वाळू मग भिंतीत गेली. झोपड्या, खुर्च्या कचऱ्यात गेल्या. ताडपत्री तेवढी चांगली निघाली म्हणून मामीने घडी घालून माळ्यावर टाकली.

सगळ्याच दुकानांची गिऱ्हाइकं गळतात, तशी मामाकडचीही गळायची. तिन्ही कागद घरी घेऊन जायची, 'विचार करून कळवतो' म्हणायची आणि परत तोंड दाखवायची नाहीत. चौदा वर्षांपूर्वीचं एक जोडपं मामाच्या चांगलं लक्षात होतं, कारण त्यातला उंच नवरा दर दोन मिनिटांनी बायकोला विचारायचा, "मी घराला कुलूप लावलं ना गं?" मामाने त्याचं नाव कुलूपवाला ठेवलं होतं. तोही कळवतो म्हणाला आणि गायब झाला. समोरच्या ट्रॅव्हलवाल्यानेच पळवला, अशी मामाची खात्री. बदला म्हणून मामाने समोरच्याच्या दारावर 'येथे कुत्र्यांचे केस कापून मिळतील' अशी पाटी लावली. आठ दिवस त्याच्या दुकानात कुत्रीच कुत्री.

तर अशा माणसाकडे टिकली लग्नानंतर चौथ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. जावई दातांचा डॉक्टर. सज्जन, कमी बोलणारा.

"या जावईबापू," मामा म्हणाला. "तुमच्यासाठी दुसऱ्या नंबरची जागा काढून ठेवलीय."

"ठरलं आमचं," टिकली म्हणाली आणि पर्समधून तिसरा कागद काढला. "परवा तुझ्या टेबलावरून उचलला. काल फोन पण केला. बुधवारी निघायचं, रविवारी परत."

मामाच्या हातातला चहा बशीत सांडला. "कुणाला फोन केला?"

"या नंबरवर. एक म्हातारा मॅनेजर होता. इतका गोड बोलला! म्हणाला, शेवटची झोपडी शिल्लक आहे, तुमच्यासाठी ठेवतो."

तो नंबर दुकानाच्या पहिल्या फोनचा होता. तो फोन बंद होऊन सतरा वर्षं झाली होती.

मामाने खुर्ची पुढे ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगायला बसला. वाळू, ताडपत्री, काड्या, सगळं सांगितलं. टिकली ऐकता ऐकता हसायला लागली, मग टेबलावर डोकं ठेवून हसली.

"मामा, आजवरची ही तुझी बेस्ट आहे हं!"

"अगं शप्पथ!"

"साखरपुड्याच्या दिवशी ह्यांना पोलीस बनून कोणी फोन केला होता? फोनवर दोन कडवी गायला लावलीस. तेव्हापण शप्पथच घेतली होतीस."

जावई अदबीने म्हणाला, "तीन कडवी."

आता बोलून काय उपयोग. मामाने मामीला साक्षीला बोलावलं. मामी म्हणाली, "खरंच बोलतायत ते." तर टिकली म्हणाली, "बघा, मामीलापण फितवलंय!"

शेवटी मामीने आपली तपकिरी बॅग काढून दिली. या बॅगेवर मामीचा जीव. कोणाला द्यायची तर तारीख ठरवून द्यायची. "रविवारी सकाळी दहाच्या आत बॅग माझ्या दारात पाहिजे," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते झालं तरी." शिवाय तिने नव्या लाल सँडल दिल्या, छोट्या पितळी बकलांच्या.

मामाने मनाशी हिशोब केला. पोरं शेवटच्या स्टॉपवर उतरतील, गाडी येणार नाही, संध्याकाळपर्यंत शिव्या घालत परत येतील. आपण कान धरू, दुसऱ्या नंबरच्या जागेवर पाठवून देऊ. काय बिघडणार होतं?

बुधवारी दुपारी टिकलीचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज.

"मामा, आली गाडी! पिवळी आहे, आणि इतकी मजेशीर! मागे एका बाजूला कललेली. माझी लहानपणची गाडी आठवते का, अगदी तश्शी! बरं ऐक, आता रेंज जाईल..."

रेंज गेली.

मामाने कागदावरचा नंबर लावला. 'हा नंबर अस्तित्वात नाही,' असं एक बाई शांतपणे सांगत राहिली. मामाने सात वेळा ऐकलं. मग मोटर काढून मामा आणि मामी त्या शेवटच्या स्टॉपवर गेले. तिथे एक बाक, एक पत्र्याची शेड आणि त्यापुढे झुडपं. पुढे रस्ताच नव्हता. समुद्र विरुद्ध दिशेला, दीडशे किलोमीटरवर. मातीत चाकांच्या खुणा मात्र होत्या. तीन चाकांच्या. वीसेक पावलांवर त्या संपत होत्या, आणि तिथे थोडी बारीक पांढरी वाळू पडली होती.

मामीने ती बोटांनी चोळून बघितली आणि हात पदराला पुसले.

चौकीवर सांगायचं तरी काय? साहेब, मी खोटं रिसॉर्ट बनवलं आणि माझी भाची तिथे राहायला गेली? त्यात ठाणेदाराला मामाने दोनदा मामा बनवलेलं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "तिसऱ्यांदा नाही."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मामा दुकानात बसून राहिला. समोरचा ट्रॅव्हलवाला घाबरून दोनदा विचारून गेला, "काय रे, बरा आहेस ना? नवीन काही शिजतंय का?"

रविवारी पावणेदहाला दारावरची बेल वाजली.

टिकली दारात उभी. नाक उन्हाने लाल, केसांत वाळू, आणि तोंडभर हसू. मागे जावई, हातात मामीची तपकिरी बॅग. मामाने तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "मामा, फासळी!"

मामीने आधी पोरीच्या गालावरून हात फिरवला, मग बॅगेच्या कडांवरून.

"सँडल कुठायत?" तिने विचारलं. टिकलीच्या पायात जावयाच्या ढगळ चपला होत्या.

"एक लाटेने नेली गं मामी. कालच. उरलेली बॅगेत आहे. सॉरी!"

चहा झाला. टिकली थांबतच नव्हती. काय ती शांतता, काय ते पाणी! मामा गालात हसत ऐकत होता. पोर परत आली होती, बास. जगात सगळं ठीक होतं.

"आणि समुद्राच्या पार टोकाला ना, पितळी कड्या चमकायच्या. सारख्या अंतरावर. ह्यांना वाटलं होड्या. पण त्या हलायच्याच नाहीत."

मामीचा कप हळूच खाली आला. ताडपत्रीच्या कडेला पितळी कड्या होत्या.

"किनाऱ्यावर एक गोल काळा ओटा होता," जावई म्हणाला. "सहा-सात मीटरचा. वर पुरुषभर उंचीची अक्षरं कोरलेली. संध्याकाळी सगळे त्यावर नाचायचे."

"सगळे म्हणजे?" मामाने विचारलं.

"बाकीची जोडपी. पाच झोपड्यांत माणसं बरीच होती हो! सगळी नवीन लग्न झालेली. सगळी तुमच्याच दुकानातून आलेली. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"एक उंच माणूस तर इतका मजेशीर!" टिकली म्हणाली. "नवीन कोणी आलं की धावत येतो आणि विचारतो, 'मी घराला कुलूप लावलं होतं का हो?'"

मामाला हसू आलं नाही.

"केवढा आहे तो?"

"असेल अठ्ठावीस-तीसचा. चार दिवसांसाठी आलेत म्हणे. आता निघूच, म्हणत होते."

खोलीत पंखा फिरत होता.

"एकच गोष्ट मला जरा..." जावई बोलता बोलता थांबला.

"काय?"

"रोज अकरा वाजता आकाश काळोखायचं. ढग नसायचे. मोठी सावली वाळूवरून सरकत यायची आणि गडगडायचं. दोनच शब्दांएवढं. मॅनेजर म्हणायचा, हलू नका. मग सगळे मान वर करून हसायचे. मी दातांचा डॉक्टर आहे, मामा. रोज लोकांना आ करायला लावतो. पण सावली गेल्यावरसुद्धा ती तोंडं मिटायची नाहीत. कितीतरी वेळ."

"आम्हीपण हसलो," टिकली म्हणाली. "बरं वाटायचं खरं तर. मॅनेजर खूप आग्रह करत होता, राहा म्हणून. राहिलोही असतो. पण मामीची बॅग दहाच्या आत द्यायची होती ना!"

मामीने बॅग मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली.

पोरं गेली तेव्हा साडेदहा वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मामाने स्टूल लावलं आणि माळ्यावरून ताडपत्री काढली. एकोणीस वर्षांची धूळ. पण उचलताना ती जड लागली.

दोघांनी मिळून ती जमिनीवर ठेवली आणि एक एक घडी उलगडली.

मधली घडी ओली होती. मामीने बोट लावून जिभेवर टेकवलं.

"खारट," ती म्हणाली.

सुरकुतीत काहीतरी लाल चिकटलं होतं. तांदळाच्या कणीएवढं. मामाने टेबलावरून भिंग आणलं आणि ओणवा झाला.

सँडल होती. बकलासकट.

मामा बराच वेळ बघत राहिला. आत, पुढच्या घडीत, अजून काही असेल. तिला हात लावायचं धाडस त्याला होईना. कुलूप लावलं होतंस रे बाबा, असं कुणीतरी त्या कुलूपवाल्याला सांगायला हवं, असं उगाच त्याच्या मनात आलं.

मामीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला एक मिनिट होतं. तिने मामाचा खांदा धरला आणि अगदी हलक्या आवाजात, कुणी झोपलेलं असावं तशी, म्हणाली,

"अहो, मागे व्हा. तुमची सावली पडतेय."