हळूहळू वर ये

तेगिल पहिल्यांदा आमच्या नावेवर आला तो थेट माझ्या पायावर पाय देऊन. तेही पाणबुड्याचे शिशाचे बूट घालून!

"डोळे फुटलेत का?" मी किंचाळले.

"नाही... पण आता तुझ्यावरून हलत नाहीत—"

आगाऊ मेला!

कोरियातल्या सोक्चोच्या बंदरात बाबांची नाव होती. तेगिल समुद्राच्या तळाशी जाऊन ऑक्टोपस धरायचा. त्याची श्वासाची नळी आणि दोर माझ्या हातात असायचा, आणि जीव माझा टांगणीला. खोल पाण्याच्या दाबाने हवा रक्तात विरघळते. सावकाश वर आलं तर श्वासावाटे निघून जाते, घाई केली तर अंगातच बुडबुडे होतात. आमच्या गल्लीत काठी टेकत चालणारे पुरुष सगळे घाईचेच बळी.

"सोड्याची बाटली आहे मी," तो हसायचा. "गार असली की कमी उसळते. म्हणून डोकं थंड ठेवतो."

"मग माझ्याशी बोलताना कान का लाल होतात?"

त्या सकाळी बाबा माझ्याकडे बोट दाखवत तेगिलला म्हणाले, "लवकर आवरू. दुपारी मल्सुनला बघायला पाहुणे येतायत." तेगिलने तोंड उघडलं... पण तोवर बाबांनी त्याच्या डोक्यावर तांब्याचा टोप बसवून स्क्रू आवळले होते. काचेआडून तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

तो तळाशी गेला. तासाभरातच हातातला दोर ढिला पडला. पोशाखात हवा भरून तो सरळ वर आला होता! टोप काढताच धापा टाकत म्हणाला, "कप्तान, मल्सुन मला द्या—" आणि कोसळला.

आमच्याकडे यावर एकच उपाय करतात. माणसाला परत तेवढ्याच खोल सोडायचं, हवा पुन्हा रक्तात विरघळू द्यायची, मग इंचाइंचाने वर घ्यायचं. बाबांनी त्याला खाली सोडलं. तो दोराला हिसके देत होता, वर घे म्हणून.

"ओढ गं पोरी, गारठला असेल तो!"

"नाही बाबा." मी रडत होते, पण ओढलं नाही.

ऊन डोंगराआड जाताना तो वर आला. ओठ निळे पडले होते.

"हात हलतायत," तो म्हणाला.

"आणि पाय?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "पाहुण्यांना हो सांग. मी आता कुणाला पोसणार?"

"बाबांना विचारलंस. मला कुठे विचारलंस?"

"आता विचारून काय—"

"विचार."

बाबांनी तोंड फिरवलं.

"करशील... माझ्याशी लग्न?"

"करीन."

मग बाबांनी नि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून धक्क्यावर नेलं. त्याचे पाय फळीवरून फरफटत आले.