वैशाखातलं हिरवं गवत

“टाकी पुन्हा अर्धी! कुणी सोडलं पाणी? बोला!”

नानासाहेबांचा आवाज निगडीच्या माळावर असा कडाडला, की बाभळीवरचे होले भुर्रकन उडून गेले. डब्यातून हेमलता, वसंता आणि इम्तियाज डोळे चोळत बाहेर आले. सूर्य नुकताच वर आला होता आणि नानासाहेब तांब्या हातात धरून चोर शोधत होते.

‘डबा’ म्हणजे जेवणाचा नव्हे! लष्कराच्या लिलावात नानासाहेबांनी एक जुनी, चाकांची, ट्रकमागे जोडायची गाडी घेतली होती. पिंपरीच्या नूरमोहम्मद मेकॅनिकनी तिचं फिरतं घर करून दिलं. आत झोपायला फळ्या, मागे पाण्याची मोठी टाकी, दिव्यांसाठी ट्रकची बॅटरी, आणि स्वयंपाकाला थेट मुंबईहून आणलेली गॅसची टाकी! १९५७ साली चिंचवडात गॅस म्हणजे अपूर्वाईच होती. सुट्टीत या घरातून कोकणात जायचं, पण त्याआधी आठवडाभर माळावर राहून बघायचं, असं ठरलं होतं. नूरमोहम्मदनी आपल्या ट्रकनं डबा इथं आणून सोडला होता, आणि गुरुवारी ते परत यायचे होते.

हेमलता आणि वसंता ही नानासाहेबांची पुतणी-पुतण्या. इम्तियाज हा नूरमोहम्मदांचा मुलगा आणि हेमलताच्या वर्गातला. डब्याची प्रत्येक चावी, प्रत्येक नळी त्याला ठाऊक होती, म्हणून तर त्याला आग्रहानं आणलेलं!

आणि आता तेच त्याच्या अंगाशी आलं.

“पाणी जातं, गॅस जातो, बॅटरी सकाळपर्यंत मेलेली असते,” नानासाहेब म्हणाले. “या चाव्या कुणाला फिरवता येतात? हेमूला? वशाला? गॅरेजातल्या पोराला घरात घेतलं की हेच व्हायचं!”

इम्तियाजचा चेहरा लाल झाला. “काका, मी रोज संध्याकाळी चावी घट्ट बंद करतो. सकाळी बघितलं तरी ती बंदच असते!”

“म्हणजे तूच उघडतोस आणि तूच बंद करतोस! आजपासून टाकीला हात लावायचा नाही. आणि आज रात्री डब्यात झोपायचंही नाही. उद्या तुझे वडील येताहेत ना? त्यांनाच विचारतो, पोराला हेच शिकवलंत का म्हणून!”

“काका!” हेमलता ओरडली.

“तू गप्प बस! आधी पाणी भरून आणा.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. हेमलताला त्यांचाही राग आला. मोठी माणसं वेळेवर तोंड उघडत नाहीत, आणि नको तेव्हा मात्र मिटत नाहीत!

तिघं कळश्या घेऊन माळ उतरू लागली. वसंता दहा वर्षांचा होता आणि तो रागावला की दगडांना लाथा मारायचा. आज त्यानं एकही दगड सोडला नाही.

“पाणी वाहायला याचे हात चालतात! टाकीला लावतानाच काय होतं त्यांना?” तो म्हणाला.

“वशा, गप,” इम्तियाज म्हणाला. “मला शिव्यांचं काही नाही रे. पण अब्बांना ते सगळ्यांसमोर बोलणार. पिंपरीत लोक गाडीची चावी अब्बांच्या हातात ठेवून खुशाल गावाला जातात. उद्यापासून म्हणतील, पोरगा चोर आहे.”

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“असं होऊ देणार नाही मी,” ती म्हणाली. “उद्या अब्बा यायच्या आत खरा चोर सापडलाच पाहिजे!”

विहीर शालनच्या घरची होती. शालन म्हणजे विहिरीपाशी पहिल्याच दिवशी झालेली मैत्रीण. तिची आजी आक्काबाई काठावर बसून होती, आणि शालन खाली तळाशी उतरून वाटीनं झऱ्याचं पाणी घागरीत भरत होती. एक वाटी भरली की थांबायचं. झरा पाझरला की पुन्हा एक वाटी! कळश्या बघून तिनं कपाळाला हात लावला.

“आजून पानी? आवं, तुमच्यात हत्ती हाय का काय प्यायला?”

“आमचं पाणी चोरीला जातंय,” वसंता म्हणाला.

“मग आमचं काय जातंय?” शालन भडकली. “तुमाला पानी देऊन आमची मेथी वाळली. म्हस काल येकदाच पानी प्याली. रातभर हंबरत हुती!”

“शालन!” आक्काबाई ओरडली. “दारात आलेल्याला पानी न्हाई म्हनायचं न्हाई. भर त्यांची कळशी.”

हेमलताला शरमेनं मान वर करवेना. काका उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि इथं ही मुलगी विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी गोळा करत होती! तिनं इम्तियाजवरचा आळ आणि त्याला मिळालेली शिक्षा, सगळं सांगून टाकलं.

आक्काबाईनं इम्तियाजकडे नीट पाहिलं. “डब्यात झोपू देत न्हाईत? मग आमच्या अंगनात बाज हाय की. ये रातच्याला.”

दुपारी शालन शेळी घेऊन माळावर आली. हेमलता, वसंता आणि इम्तियाज डब्याच्या सावलीत डोकं खाजवत बसली होती.

“आज रात्रभर जागू या!” वसंता म्हणाला.

“काल तूच पहाऱ्यावर होतास. इतका घोरलास, की चोराला हसू आलं असेल!” हेमलता म्हणाली.

शालनचं मात्र यांच्याकडे लक्ष नव्हतं. “ह्या रांडंला काय झालंय?” तिनं शेळीला शिवी हासडली. “चार दिस झाले, सोडली की पळती त्या वगळीकडं. वैशाखात काय ठिवलंय तितं, धोंडे?”

शेळी वगळीत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून पडलेल्या कोरड्या घळीत, दगडांआड उतरली होती. शालन तिच्यामागे गेली आणि तिथूनच ओरडली, “आरं, हिकडं या! पळा!”

तिघं धावली. बघतात तर काय, सगळा माळ करपून पिवळा पडलेला, आणि वगळीत वीतभर पट्ट्यात कोवळं, लुसलुशीत, हिरवं गवत! शेळी डोळे मिटून चरत होती. वसंतानं मातीत बोट खुपसलं.

“ओली! ओली आहे!”

इम्तियाज गुडघ्यावर बसला. दगडांच्या फटीत रबरी नळीचं तोंड होतं. “ही आपली नळी! टाकी धुतली की घाण पाणी सोडायला तळाशी चावी आहे ना, तिची. डब्याजवळ चिखल होऊ नये म्हणून अब्बांनी ती इथवर आणली. पण ती चावी मी रोज बंद करतो!”

“म्हणजे कुणी पाणी नेतच नाही,” हेमलता सावकाश म्हणाली. “कुणीतरी ते इथं सोडून देतंय!”

शालनचे डोळे भरून आले, पण ते रागानं. “मी वाटीनं भरते, आन ह्ये वगळीत सोडत्यात? म्हस तान्हेली ठिवून?”

“सापडेल तो!” हेमलता म्हणाली. “इम्तियाज, चाकांना लावायचं काळं वंगण आहे ना तुझ्याकडे? ते चावीला फासू या. जो चावी फिरवेल, त्याचे हात काळे होतील. नुसत्या पाण्यानं ते निघत नाही!”

“छान! म्हणजे मी फासावर,” इम्तियाज कडवटपणे हसला. त्यानं आपले हात पुढे केले. नखांत, रेघांत काळं वंगण मुरलेलं होतं. “माझे हात कायमच असे. काका म्हणतील, बघा, पुरावा!”

हे मात्र खरं होतं. वसंतानं एक दगड लाथाडला आणि अंगठा धरून नाचू लागला. मग एकाएकी तो थांबला.

“पण आज रात्री तू डब्यात असणारच नाहीस! काकांनीच हाकललंय तुला! तू आक्काबाईच्या अंगणात झोपणार!”

“व्हय की!” शालन म्हणाली. “आमचं समदं घर साक्षीला हाय!”

संध्याकाळी सगळ्यांच्या देखत इम्तियाज पांघरूण घेऊन माळ उतरला. नानासाहेबांनी बॅटरीवर चालणारा आपला रेडिओ लावला. काकूंनी गॅसवर पिठलं केलं. हेमलता हळूच डब्याखाली शिरली, चावी घट्ट बंद असल्याचं तिनं बघितलं आणि तिला चांगलं बोटभर वंगण फासलं.

गुरुवारी सकाळी पुन्हा तीच आरोळी!

“टाकी अर्धी! बघा! तो गेला तरी जाता जाता उघडून गेलाच! आणि हा दिवाही पेटत नाही!”

हेमलता आणि वसंता बाहेर धावली आणि जागच्या जागी थिजली. नानासाहेब पूजा आटोपून, पांढरं उपरणं पांघरून उभे होते. उपरण्यावर काळ्या बोटांचे पट्टे होते. आणि कपाळावर गंधाच्या जोडीला हा भला मोठा काळा ओघळ!

वसंताच्या तोंडून फुस्सकन हसू फुटलं. हेमलताला मात्र हसू आलं नाही.

तेवढ्यात नूरमोहम्मदांचा ट्रक घरघरत वर आला. खालून इम्तियाज, शालन आणि काठी टेकत आक्काबाईही आली. नानासाहेबांनी नूरमोहम्मदांना खाली उतरूही दिलं नाही.

“मिस्त्री, तुमच्या मुलानं आठवडाभर आमचं पाणी पळवलं! चोर आहे तो!”

नूरमोहम्मद पायरीवरच थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. “इम्तियाज?”

“तो रातभर आमच्या अंगनात हुता,” आक्काबाई म्हणाली. “म्या सोता पांघरून घातलं त्याला.”

“मग कोण—”

“काका, आरशात बघा,” हेमलता म्हणाली.

“काय?”

काकू आत गेल्या आणि आरसा घेऊन आल्या. नानासाहेबांनी आरशात पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं.

“हे चिकट काय लागलं म्हणून मी मघापासून पुसतोय…”

“तळाच्या चावीला मी वंगण लावलं होतं. काल रात्री. माझ्या हातानं!”

“अगं, चावी मी उघडतोच!” नानासाहेब उसळून म्हणाले. “रोज पहाटे उघडतो! रात्रीचं पाणी पारोसं असतं. आपल्या घरी सकाळी हंडे उपडे करूनच ताजं भरतात की नाही? ते पाणी देवाला चालत नाही! पण मी थोडंच सोडतो. जुनं पाणी तळाशी असतं, तेवढं जातं, आणि तुम्ही संध्याकाळी ओतलेलं ताजं वर राहतं. मी एक फेरी मारून येतो आणि बंद करतो!”

“केवढी फेरी?” वसंतानं विचारलं.

“देहूरोडच्या रस्त्यापर्यंत.”

“काका!” वसंता किंचाळला. “तोवर सगळं वाहून जातं! आणि पाणी काय टाकीत थरावर थर घालून झोपतं? जुनं खाली, नवं वर?”

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथं चोराला आपण चोर आहोत हेच ठाऊक नव्हतं!

“आणि बॅटरी?” काकू हळूच म्हणाल्या. “रेडिओ लावून तुम्ही झोपता. तो पहाटेपर्यंत नुसता घुरघुरत असतो. गॅसचं मात्र माझं चुकलं. चुलीतला विस्तव रात्री विझू देत नाहीत, म्हणून मी गॅसही रात्रभर बारीक पेटता ठेवत होते. कालच बोलायला हवं होतं मी. पोराला बोल खावे लागले.”

“बंद डब्यात रात्रभर गॅस?” नूरमोहम्मदांचा चेहरा उतरला. “वहिनी, सगळे झोपलेले असताना ज्योत वाऱ्यानं विझली असती तर? अल्लानं वाचवलं!” ते धावत आत गेले आणि गॅसच्या टाकीची चावी बंद करून आले.

नानासाहेब खजील झाले. पण मोठ्या माणसांना खजील होऊन फार वेळ राहवत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि हसत हेमलताच्या पाठीवर थाप मारली.

“वा! पक्के गुप्तहेर आहात! शाबास! मिस्त्री, बघितलीत आमची पोरं?”

हेमलता एक पाऊल मागे सरकली.

“शाबासकी नको, काका. इम्तियाजला चोर म्हणालात ते माळभर ऐकू जाईल असं म्हणालात. आता दुसरंही तेवढ्याच मोठ्यानं म्हणा.”

“हेमू, मोठ्यांशी असं—”

“मोठ्यानं, काका!”

वारा पडला होता. नानासाहेबांनी काळं झालेलं उपरणं काढून हातात घेतलं, आणि इम्तियाजकडे न बघता, मग बघून, ते म्हणाले, “इम्तियाज, तू चोर नाहीस. चूक माझी होती. नूरमोहम्मद, तुमचा मुलगा सच्चा आहे. मी वाटेल ते बोललो.”

नूरमोहम्मद मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या गालाची शीर उडत होती. “साहेब, पाणी मी पिंपरीहून पिंपात भरून आणून देतो,” एवढंच ते म्हणाले. “या मायच्या विहिरीला आता हात लावायचा नाही.”

“आणि टाकीतलं उरलेलं?” नानासाहेब घाईनं म्हणाले. काहीतरी करून दाखवायला ते अगदी उतावीळ झाले होते. “इम्तियाज, आता तूच चावी उघड. तूच सांग काय करायचं.”

इम्तियाजनं कळशी चावीखाली धरली. ती काठोकाठ भरली तशी त्यानं ती उचलून नानासाहेबांच्या हातात दिली.

“चला, काका.”

सगळी वरात माळ उतरली. पुढे शालन, मागे धोतराचा सोगा सांभाळत, धापा टाकत नानासाहेब. गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत हंबरत होती.

“हितं,” शालननं दगडी डोणीकडे बोट केलं.

नानासाहेबांनी पाणी ओतलं. म्हशीनं तोंड घातलं ते डोण कोरडी होईपर्यंत वर काढलंच नाही.

“पारुसं पानी ग्वाड लागतंय तिला,” आक्काबाई म्हणाली, आणि तिनं इम्तियाजच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. “गुनाची लेकरं!”

म्हशीनं डोकं वर केलं आणि नानासाहेबांकडे बघून पुन्हा हंबरली. नानासाहेबांनी रिकाम्या कळशीकडे पाहिलं, उन्हात तापलेल्या माळाकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं दुसऱ्या खेपेला निघाले.