वारपट्टा

"कितवा महिना म्हणायचा, हर्षलभाऊ?" दाढीसाठी अंगावर कापड टाकता टाकता सलूनवाल्या गणीनं विचारलं, आणि बाकावर नंबर लावून बसलेले चौघं खो खो हसले.

हर्षल हसला नाही. कापडाखाली त्याच्या पोटावर नारळाहून जरा मोठी, कोमट पिशवी बांधलेली होती. "सातवा," तो म्हणाला. "कापड सैल ठेव."

त्याच्या बायकोला, केतकीला सहाव्या महिन्यातच रक्तस्राव सुरू झाला होता. बाळ काढावं लागलं, पाठोपाठ गर्भाशयही. मुलगी जेमतेम साडेसहाशे ग्रॅमची. तेव्हा मुजावर डॉक्टरांनी वारपट्टा सुचवला. आईच्या पोटात बाळाला पोसते ती वार. या पट्ट्यात बाळ ठेवायची पिशवी आणि तशीच कृत्रिम वार होती. ती माणसाच्या मांडीतल्या शिरेला जोडायची, म्हणजे त्याच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न एका पातळ पडद्यातून बाळाकडे जायचं. केतकीच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. हर्षल वायरमन, विजेच्या खांबावर सरसर चढणारा धडधाकट गडी. "मला लावा," तो म्हणाला होता.

पंधरा दिवसांनी पोरीनं पहिली लाथ मारली. हर्षल जेवता जेवता थांबला. केतकीचा हात ओढून त्यानं पिशवीवर ठेवला. दुसरी लाथ येईपर्यंत दोघांनी हात काढले नाहीत. बाहेर मात्र तो ढगळ शर्ट घालून, मान खाली घालूनच चालायचा.

मग धाकट्या भावाचं, विराजचं लग्न आलं.

"मिरवणुकीत असा येणार?" आप्पांनी, त्याच्या वडिलांनी विचारलं. "व्याह्यांकडची माणसं बघतील. नवरदेवाचा थोरला भाऊ गाभण फिरतोय म्हणतील."

"आप्पा, तुमची नात आहे ती."

"नाही कोण म्हणतंय? अर्धा तास घरात ठेव. पंप दिलाय ना त्यांनी?"

पंप दिला होता, पण आंघोळीपुरता. त्यात साठवलेलं रक्त चाळीस मिनिटं पुरायचं; पुढं हातानं दांडा दाबून जेमतेम धुगधुगी ठेवता यायची. हर्षलनं मांडीतल्या नळ्या काढून पंपाला जोडल्या, पिशवी केतकीच्या उशाशी ठेवली.

"नका जाऊ," ती म्हणाली.

"आलोच वीस मिनिटांत."

फेटा बांधताना आरशात सपाट पोट दिसलं, आणि त्याला बरं वाटलं.

भर दुपारी चौकात मिरवणूक अडली. दोस्तांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. "आला रे, आपला वाघ आला!" डीजेच्या दणक्यात खिशातला फोन सतरा वेळा वाजून गेला.

तो परतला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. केतकी जमिनीवर बसली होती. तिचे टाके उसवले होते, आणि ती दोन्ही हातांनी पंपाचा दांडा दाबत होती. पिशवीतली पोर निळी पडली होती.

पोर वाचली. दवाखान्यात वार पुन्हा हर्षलला जोडल्यावर तिचा रंग परतला. "मेंदूला प्राणवायू कमी पडलाय," मुजावर डॉक्टर म्हणाल्या. "नुकसान किती, ते ती रांगायच्या वयाची झाली की कळेल."

कुणीतरी आपल्या कानाखाली वाजवेल, याची हर्षल वाट बघत राहिला. कुणी वाजवली नाही. आप्पा म्हणाले, "जाऊ दे. बाईमाणसाचं काम ते, गड्याला कुठलं जमायचं?" आत्या म्हणाली, "तू एवढं केलंस हेच पुष्कळ. दुसरा कोण करतो?" केतकीच्या आईनं तर लेकीलाच सुनावलं, "तू जाऊच कसं दिलंस?" एवढा मोठा गुन्हा, पण तो हर्षलचा आहे असं म्हणायला कुणीच तयार नव्हतं.

केतकी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनं पिशवीवर हात ठेवला. आत हालचाल होत होती, पण मंद.

"काहीतरी बोल मला," तो म्हणाला. "शिव्या दे."

"शिव्या दिल्या की तुम्ही मोकळे व्हाल." तिनं हात काढला नाही. "अजून सात आठवडे हिला तुमच्याच रक्तावर जगायचंय. माझ्या अंगात बळ असतं तर क्षणभरही तुमच्याजवळ ठेवली नसती."

"आता कुठं जाणार नाही मी."

"जाणार नाही, हे कळलं." केतकीनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं. "पण उद्या तुम्हाला परत हिची लाज वाटली, तर?"