डबल सीटला बंदी

नाझिया फाटकावरच्या लाकडी स्टुलावर बसली होती आणि तिच्यासमोर एक राखाडी स्कूटर उभी होती. रंग तोच, सीट तशीच, कुलूप तिच्या किल्लीने उघडलं होतं, पहिल्या किकला गाडी सुरूही झाली होती. फक्त ती तिची नव्हती. हे तिला फाटकापर्यंत येऊनही कळलं नव्हतं. जोतीराममामांना मात्र लांबूनच कळलं, कारण पुढच्या पत्र्यावर हिरवा परवाना चिकटवलेला नव्हता.

बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाचं नवं आवार सुरू झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. सत्त्याण्णव साल. इमारती अर्ध्याच उभ्या होत्या, वाचनालयात पुस्तकांपेक्षा सिमेंटची पोती जास्त होती, पण वाहनांचे नियम पहिल्या दिवसापासून अगदी तयार होते. प्राध्यापकांना पिवळा परवाना, विद्यार्थ्यांना हिरवा, आणि ज्याला दोन्ही नाही त्याला कामापुरती एका दिवसाची पांढरी चिठ्ठी. विद्यार्थ्यांसाठी शेड एकच, म्हणून हिरवे परवाने मोजके. आवारात हॉर्न नाही, डबल सीट नाही, पिवळ्या पट्ट्यावर गाडी नाही. नियम मोडला की लाल पावती. तीन पावत्या झाल्या की परवाना रद्द आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला बहाल.

जोतीराममामा साताऱ्याकडचे, लष्करातून निवृत्त होऊन या फाटकावर आलेले. एकदा लिहिलेली पावती रद्द करायची नाही, एवढं एक तत्त्व त्यांनी उराशी धरलं होतं. लोक देवाला मानतात, तसे मामा पावतीला मानत.

"ताई, ही गाडी चिठ्ठीवर आत आली," ते म्हणाले. "चिठ्ठी कुठं हाय?"

चिठ्ठी नव्हती. नाझियाने गाडी बदलल्याचं परोपरीने सांगितलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती लिहिली. ही दुसरी. पहिली तिने शेडमध्ये झोपलेल्या कुत्र्याला हॉर्न दिल्याबद्दल मिळवली होती.

आता एकच उरली. परवाना गेला तर स्कूटर बंद, आणि स्कूटर बंद तर शिक्षण बंद, इतका साधा हिशेब होता. ती राहायची उरणला. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं संपेपर्यंत सोयीची एसटी निघून जायची, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीआधी घरी, ही अब्बांची अट होती. अब्बांचं, म्हणजे सुलेमानमियांचं, मोरा बंदराच्या धक्क्याजवळ बर्फाचं आणि सुक्या मासळीचं दुकान. स्कूटर त्यांचीच. मुलीला एमएस्सी करायचंय म्हटल्यावर त्यांनी ती तिला दिली आणि स्वतः सायकल काढली, त्या वयात. गाडी मात्र आवारात, पहाऱ्यातच ठेवायची, असं त्यांनी बजावलं होतं, कारण बाहेरच्या टपरीजवळून गेल्याच महिन्यात कुणाची तरी गाडी चोरीला गेली होती.

तेवढ्यात रस्त्यावरून तिची स्कूटर आली. तिच्यावर एक उंच मुलगा बसला होता. केस वाऱ्याने विस्कटलेले, इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा.

"सॉरी हां..." तो उतरता उतरता म्हणाला. "किल्ली लागली, सुरू झाली. मला वाटलं आपलीच."

"आणि कळलं कधी?"

"कळंबोलीला. डिकीतून बोंबलाच्या चटणीचा वास आला. आमच्या गाडीला असा वास कधी येत नाय."

नाझियाने डिकी उघडली. डबा हलका लागला. तिने झाकण काढलं, आत बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"डबा..." तो म्हणाला. "डबा पण आपलाच वाटला."

तिला हसू आलं होतं, पण ते बाहेर पडायच्या आत मामांनी घोळ घातला. हेच ते शाहिद, त्यांनी ओळख करून दिली. पनवेलचे, मामूच्या धान्याच्या दुकानात बसून एमकॉम करणारे, आणि हिरव्या परवान्याच्या यादीत पहिले. ताईंची आणखी एक पावती झाली की यांचंच नाव. मामांनी ही माहिती अगदी निर्मळ मनाने दिली होती.

नाझियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो साफ चुकीचा होता. यादीत पहिला असलेला मुलगा नेमकी तिचीच गाडी घेऊन जातो, आणि त्यापायी तिलाच पावती मिळते. ही चूक की चलाखी? ती तडक निघाली आणि उरणपर्यंत त्याच्यावर चिडत राहिली. त्यामुळे त्या दिवशी रस्ता लवकर संपला.

दुसऱ्या दिवशी तिने ब्रेकच्या दांडीला लाल फीत बांधली. शाहिद आपली गाडी टपरीपाशी लावून चालत येत होता. त्याने फीत पाहिली.

"ही माझ्यासाठी?"

"तुमच्यासारख्यांसाठी. आमची गाडी कुठली ते लांबून कळावं म्हणून."

"लांबून कशाला..." तो म्हणाला, "मी जवळ येऊन बघेन ना."

या उत्तराचा तिला राग यायला हवा होता. तो का आला नाही, याचा विचार ती पुढच्या तासाला करत होती आणि सरांनी फळ्यावर काय लिहिलं ते तिच्या वहीत उतरलंच नाही.

डब्याची भरपाई म्हणून त्याने पुढच्या आठवड्यात मामूच्या दुकानातले भाजलेले शेंगदाणे आणून दिले. तिने नको नको म्हणत घेतले. मग एकदा तिने डब्यात भाकरी जास्त आणली, ती जास्त झाली म्हणून त्याला दिली. भाकरी कधीच चुकून जास्त होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. हळूहळू तिचा संशय कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. संशय असाच जातो, निरोप न घेता.

फाटकापासून वाचनालयापर्यंत एक चढ होता. शाहिद तो रोज चालत चढायचा आणि नाझिया स्कूटरवरून. त्याला मागे बसवावं, तर डबल सीटला बंदी, आणि एकच पावती शिल्लक. नाझियाने मग एक वाट काढली. ती स्कूटर इतकी हळू चालवायची की तो बाजूने चालत गप्पा मारू शकेल. आवारात किमान वेगाचा नियम नव्हता. मामांनी नियमावली दोनदा चाळून पाहिली होती.

श्रावणात असं चाललं असताना भुरभुर पाऊस यायचा. त्याच्याकडे छत्री असायची. तो ती तिच्या डोक्यावर धरून चालायचा आणि स्वतः भिजायचा.

"तुमी भिजताय," ती म्हणायची.

"तुमी गाडी जोरात न्या ना मग. भिजणार नाय मी."

ती गाडी जोरात नेत नसे.

पण चालत्या माणसाच्या बरोबरीने चढावर स्कूटर चालवायची, तर क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. तो घासतो, तापतो, जळका वास येतो आणि शेवटी क्लच प्लेटा जातात. उरणचा मेकॅनिक वामन दिवाळीच्या आधी एकदा म्हणाला, नाताळच्या सुमाराला पुन्हा म्हणाला. दुसऱ्यांदा अब्बा दुकानातून येऊन ओट्यावर बसले आणि टोपी काढून बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "नाझिया, वामन सांगतो, प्लेटा परत गेल्या. एवढा चढ हाय काय तुमच्या कॉलेजात?"

"आहे ना, अब्बा," ती खाली बघून म्हणाली. "खूप मोठा चढ आहे."

अब्बांनी मान हलवली. ते जास्त बोलणारे नव्हते. मासळीचा भाव आणि माणसाचा चेहरा, दोन्ही त्यांना बघताक्षणी कळायचं, पण सांगायची घाई त्यांना कधीच नसायची.

एकदा तिने मामांना सहज म्हणून विचारलं, की ती रजेवर असेल त्या दिवशी तिच्या परवान्यावर दुसरं कुणी आत येऊ शकतं का? मामा म्हणाले, परवाना घराला असतो. मराठी विभागातलं जोडपं नाही का, एकाच परवान्यावर येतं? कधी बाई गाडी आणतात, कधी साहेब. "पर घर एक पायजे," मामा म्हणाले आणि मिशीत हसले. नाझिया तिथून पटकन सटकली. आतापर्यंत सगळं चढाएवढंच होतं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की ते केव्हाच घरापर्यंत गेलंय. तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

एप्रिलमध्ये शेवटच्या प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. त्याच सकाळी गव्हाण फाट्याला एक कंटेनर आडवा झाला आणि बंदराकडचे सगळे ट्रेलर रस्ताभर खोळंबले. नाझिया वाट काढत, धूळ खात आवारात पोचली, तेव्हा परीक्षेची घंटा होत होती. शेड लांब होती. तिने स्कूटर विभागासमोरच्या पिवळ्या पट्ट्यावर लावली आणि पळत वर गेली.

परीक्षानळी हातात धरल्यावर तिला पट्टा आठवला. आता खाली जाणं शक्य नव्हतं. वर्षभर जे जपलं ते शेवटच्या परीक्षेला हातून गेलं, असं तिच्या मनाने घेतलं. अजून लेखी पेपर बाकी होते, पुढचं सगळं वर्ष बाकी होतं. आणि परवाना कुणाला मिळणार, तर शाहिदला. त्याला मिळाला तर वाईट वाटायला नको, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण वाईट वाटलंच.

ती खाली आली तेव्हा पिवळ्या पट्ट्यावर राखाडी स्कूटर उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकाला साखळी घातलेली होती. जवळ जोतीराममामा पावती लिहीत होते. पायरीवर शाहिद बसला होता.

नाझिया गाडीजवळ गेली. ब्रेकच्या दांडीला फीत नव्हती. पत्र्यावर परवाना नव्हता. तिने शेडकडे पाहिलं. तिथे पहिल्याच रांगेत तिची स्कूटर सरळ उभी होती आणि लाल फीत वाऱ्यावर हलत होती.

"मामा, ही..."

"हापिसातनं तक्रार आली, राखाडी स्कूटर पट्ट्यावर लावलीया," मामा वर न बघता म्हणाले. "राखाडी स्कूटर सापडली. बांधली. तक्रारीत फितीचं काय लिव्हलेलं न्हवतं."

पावती शाहिदच्या हातात देऊन ते फाटकाकडे निघून गेले. शाहिदचीही परीक्षा होती, त्यासाठी तो पांढरी चिठ्ठी घेऊन आत आला होता. पट्ट्यावर तिची गाडी त्याने पाहिली, साखळी घेऊन येणारे मामाही पाहिले. त्याची किल्ली तिच्या गाडीला लागते, हे तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिची गाडी शेडमध्ये गेली आणि तिच्या जागी त्याची आली. पावती झाल्यामुळे आता यादीत त्याचं नाव थेट तळाला जाणार होतं.

नाझिया त्याच्या शेजारी बसली. तिला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये असं वाटत होतं.

"तू गप्प बसला असतास," ती म्हणाली, आणि आपण तू म्हणालो हे तिच्या नंतर लक्षात आलं, "तर उद्या परवाना तुझा होता."

"होता ना."

"मग?"

शाहिद हातातली लाल पावती उगाच दुमडत राहिला. "परवाना मिळाला असता तर मी गाडीवरून चढ चढलो असतो... एकटाच. तू उरणला बसली असतीस. मग तो चढ घेऊन मी काय करू?" त्याने पावती खिशात घातली. "मला तू पाहिजेस, नाझिया. परवाना नसला तरी चालेल."

वर कुणीतरी प्रयोगशाळेची खिडकी लावून घेतली. मग ती शेडमधल्या आपल्या गाडीकडे बघत म्हणाली, "परवाना पण मिळू शकतो. यादीत न थांबता."

"कसा?"

"मामांना विचार. मराठी विभागातलं ते जोडपं कसं येतं ते."

शाहिदने विचार केला. त्याला ते जोडपं आठवायला जरा वेळ लागला आणि मग त्याचे कान लाल झाले.

"उरणला कधी येऊ?" त्याने विचारलं.

"रविवारी. अब्बा दुपारी घरी असतात. तुझ्या अम्मीला आधी पाठवीन म्हणालास तर तीन महिने जातील, तूच ये. आणि हे बघ..." तिने डोळे पुसले. "या वेळी स्वतःची गाडी घेऊन ये."

रविवारी शाहिद आला. स्कूटर धुतलेली, शर्टाला कडक इस्त्री, सीटवर बांधलेला मिठाईचा पुडा. नाझिया दाराच्या पडद्याआड उभी होती. स्वयंपाकघरात अम्मीचा हात थांबला होता. शाहिदने ओट्यापाशी येऊन सलाम केला, नाव सांगितलं, पनवेल सांगितलं, मामूचं दुकान सांगितलं. पुढचं जे तो वाटभर पाठ करत आला होता, ते त्याच्या तोंडातून निघेना.

अब्बांनी सलामाला उत्तर दिलं. मग ते उठून त्या राखाडी स्कूटरपाशी गेले, तिला एक फेरी घातली आणि शाहिदकडे खालपासून वरपर्यंत सावकाश बघितलं. त्याला पूर्ण बघून व्हायला थोडा वेळ लागला, कारण तो उंच होता. मग त्यांनी पडद्याकडे मान वळवली.

"नाझिया," ते म्हणाले, "तो मोठा चढ हाच काय?"

पडदा हलला. अब्बांनी ओट्यावरची आपली टोपी उचलून बाजूला जागा केली आणि शाहिदला म्हणाले, "बस, बेटा. दम लागला असेल."