न घेतलेली हमी

"आज घट्ट घाल हं वेणी, आत्या... अगदी घट्ट!" भिंगरी हळूच म्हणाली, आणि तिच्या मानेवर फिरणारा ताईचा हात जागच्या जागी थांबला.

खोलीचं दार आतून लावलेलं होतं. बाहेर स्वयंपाकघरात भावजय गुणगुणत होती... कितीतरी महिन्यांत कुणी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं! एरवी या वेळी ती लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरींवर इस्त्री फिरवत उभी असायची. म्हणून तर लेकीची वेणीफणी नणंदेकडे आली होती. पण आज तिने कामाची पाळी बदलून घेतली होती. आज मोठ्या शाळेतून फोन यायचा होता, भिंगरीला प्रवेश मिळाला की नाही ते आज कळायचं होतं, आणि सारं घर सकाळपासून एका पायावर उभं होतं.

ताईला मात्र ते मंगळवारीच कळलं होतं. कळलं कसलं, तिनेच ते घडवून आणलं होतं.

तिने भिंगरीच्या उजव्या कानावरून मागे आलेले केस अलगद बाजूला केले. त्यांच्याखाली एका जागी केस नव्हतेच! सुरुवातीला नखाएवढी असलेली ती जागा आता पोरीच्या तळव्याएवढी झाली होती. गुळगुळीत, फिकट, मध्ये मध्ये लाल ठिपके उठलेली. प्रवेशपरीक्षेची शिकवणी सुरू झाली आणि भिंगरीची बोटं तिकडे जायला लागली... गणित अडलं की एक केस, आईने "झालं का पाठ?" विचारलं की एक केस, झोपेतसुद्धा! ताईला पहिल्यांदा कळलं ते कंपासपेटीतून निघालेल्या केसांच्या पुंजक्यावरून.

"फार मोठं झालंय का गं?"

"छे गं राणी, कळतसुद्धा नाही." ताई खोटं बोलली.

"आईला सांगायचं नाहीये तुला. तू शपथ घेतलीयेस. सांगितलंस ना, तर मी सगळेच उपटून टाकीन. बघच तू!"

घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून जिचं नाव भिंगरी पडलं, त्या एवढ्याशा जिवाच्या आवाजात हा गारठा कुठून आला असेल? ताईने भांग तिरका पाडला, डावीकडचे केस उजवीकडे ओढले, पेडावर पेड घट्ट आवळला आणि वर रुंद रिबीन बांधली. वरून पाहणाऱ्याला सोन्यासारखी वेणी दिसत होती.

ताई त्याच मोठ्या शाळेत नर्स होती; आज तिने रजा घेतली होती. शाळेत तिला सगळे सिस्टर म्हणत. जिन्याखालची एक छोटी खोली, तीत एक खाट, वजनकाटा, औषधांचं कपाट, आणि या एवढ्या संसारात तिचं सारं तारुण्य निघून गेलं होतं. आई-वडील गेले तेव्हा भाऊ अर्ध्या चड्डीत होता. त्याला वाढवलं, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि मग आपलंही काही करायचं राहिलंय हे लक्षात आलं तोवर विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिने त्याची खंत कधी केली नाही. शाळेचा निकाल दरवर्षी उत्तम लागे, लोक तोंडात बोट घालत. ताई पाहत होती ती परीक्षा जवळ आली की पोट धरून, थरथरत तिच्या खाटेवर येऊन पडणारी मुलं. त्यांतली काही दोन-तीन वर्षांनी दिसेनाशी व्हायची. "त्यांना झेपलं नाही," एवढंच वर सांगितलं जाई.

मंगळवारी मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. "सिस्टर, तुमची भाची अगदी काठावर आहे. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. शाळेतलं माणूस घरच्या मुलाची हमी घेत असेल, तर आम्ही एक जागा देतो. घेता ना?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं! त्या एका अक्षरासाठी भावजय रोज पहाटे उठत होती, भाऊ सुट्टीच्या दिवशीही लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होता. ताईच्या डोळ्यांपुढे मात्र ती तळव्याएवढी फिकट जागा आली... आणि तिच्या तोंडून शब्द निघाला, "नको बाई. नका घेऊ तिला."

का, ते तिने सांगितलं नाही. निकालाचा हा धुरळा एकदा बसू दे, मग भावजयीला जवळ बसवून सगळं सांगू, डॉक्टरकडे नेऊ, असं तिने स्वतःच्या मनाला बजावलं होतं. पण चार दिवस झाले, ताटावर बसलं की ती नुसता भात कालवत राहायची.

"ताई, आज तुम्ही काही करू नका हं!" ती खोलीबाहेर येताच भावजय म्हणाली. तिच्या मनगटावर इस्त्रीचा ताजा चटका होता आणि चेहरा असा काही उजळला होता, की ताईला तिच्याकडे बघवेना. "तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. तुमच्या शब्दाला तिथे किंमत आहे! मला शाळेतून काढून धाकट्यांना सांभाळायला बसवलं, तेव्हा माझ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. माझ्या लेकीला निदान आत्या आहे."

ताईच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. पाणी सांडलं. "असू दे, पुसते मी," म्हणत भावजय हसत हसत खाली वाकली.

फोन भर दुपारी वाजला.

भावजयीने हात पदराला पुसले, घसा साफ केला, "हॅलो, हो, मी तिची आईच बोलतेय," असं अगदी शाळेतल्या मुलीसारखं सांगितलं. भिंगरी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. तिची बोटं रिबिनीखाली सरकलेली ताईला दिसली. आता पुढचं सारं जणू भिंतीवर लिहिलेलं असावं तसं ताईला वाचता येत होतं, आणि थांबवता मात्र येत नव्हतं!

"नाही?... अहो पण, तिची आत्या तुमच्याकडेच... कोण?... कोणी नकार दिला?"

रिसीव्हर खाली ठेवायलाही तिला किती वेळ लागला! मग तिने कामावर असलेल्या नवऱ्याला फोन लावला, दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "मी जातो शाळेत." आणि मग ती वळली.

"तुम्ही?... ताई, तुम्ही नको म्हणालात?"

"अगं, ऐक..."

"काय ऐकू? चार दिवस माझ्या ताटाला ताट लावून जेवलात! मी तोंडभर तुमचं कौतुक करत होते आणि तुम्ही मान खाली घालून भात कालवत होतात! का? सांगा ना, का?"

ताईने भिंगरीकडे पाहिलं. त्या डोळ्यांत एवढी भीती होती, की ओठांवर आलेलं सारं तिने गिळून टाकलं.

"तिला झेपणार नाही असं मला वाटलं," ती कशीबशी म्हणाली.

"तुम्हाला वाटलं! माझ्या पोरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवणार?" भावजयीचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय कळणार आईचं काळीज! पोटी मूल असतं ना, तर असा गळा कापला नसता तुम्ही!"

बोलून गेली आणि क्षणभर तीच दचकली. पण शब्द निघून गेला होता... ज्या वाटेने आजवर कुणी गेलं नव्हतं, त्या वाटेने जाऊन तो नेमका जिव्हारी लागला होता. ताई भिंतीचा आधार घेऊन खाली बसली. तिला एवढंच वाटलं, की आता उठून जावं. कुठेही, पण या घरात नको.

"आजपासून माझ्या मुलीला हात लावायचा नाही तुम्ही," भावजय म्हणाली. "तिचं सगळं मी बघेन. जेवण, अभ्यास, वेणीफणी, सगळं! ये गं इकडे. सोड ती आत्याने घातलेली वेणी."

"नको!" ताई आणि भिंगरी एकदमच ओरडल्या.

"नको म्हणजे? अजून मीच आई आहे ना तिची?"

"आई, नको ना! आत्यालाच घालू दे! मी नाही सोडणार!" भिंगरीने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. ताई धडपडत उठली, "अगं, आज राहू दे, तुझ्या पाया पडते, आज नको," असं काहीबाही बोलत मध्ये आली. त्याने भावजय जास्तच पेटली. तिने ताईला एका हाताने बाजूला सारलं, लेकीला गुडघ्यांत घट्ट धरलं आणि रिबिनीचं टोक ओढलं. पेड सुटले. उजवीकडे ओढून बसवलेले केस आपल्या जागी, डावीकडे घरंगळले.

 

भावजयीने बोट पुढे नेलं. त्या उघड्या कातडीला ते अगदी हळू, विस्तवाला लावावं तसं लावलं. "हे काय?" तिचा आवाज नुसती फुंकर झाला होता. "कोणी केलं हे?"

"मीच," भिंगरी म्हणाली. आता तिला रडूही येत नव्हतं. "अभ्यास करताना हात जातो आपोआप. आत्याला मीच सांगू दिलं नाही. तू एवढ्या पहाटे उठतेस माझ्यासाठी... तुला वाईट वाटलं असतं."

 लेकीचं डोकं छातीशी धरून भावजय अशी काही रडली, की ताईला तिच्या जवळ जाववेना. बऱ्याच वेळाने तिने भरले डोळे वर केले.

"म्हणून नको म्हणालात?"

ताईने होकारार्थी मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलंत हो? मी आई होते ना तिची! मला माझ्याच मुलीचं डोकं बघू दिलं नाहीत तुम्ही!"

 ताईने शपथ घेतली होती हे खरं. पण रोज सकाळी ते दार आतून लावताना, हे पिल्लू फक्त माझ्याजवळ मन उघडतं, असा एक चोरटा सुखाचा कढ मनात येऊन जायचा, हेही खरंच होतं! "चुकलं माझं," ती म्हणाली. "आधीच सांगायला हवं होतं." भावजयीने हात लांब केला आणि तिला जवळ ओढून घेतलं.

तशाच तिघी बसलेल्या असताना दार धाडकन उघडलं. भाऊ आत आला. कामाच्या कपड्यांवर ग्रीस, कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद!

"मिळाला!" तो ओरडला. "मिळाला प्रवेश! सोमवारी घेऊन या म्हणाल्यात मोठ्या बाई. अरे, रडताय काय? हसा की!"

कुणी हसलं नाही. भिंगरीची बोटं कानामागे निघाली होती. आईने ती वाटेतच पकडली.

"कसा मिळाला?" ताईने विचारलं.

त्याने नजर चुकवली. बहिणीचा राग डोक्यात होताच, पण तिच्यासमोर खोटं बोलायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती. "सांगितलं त्यांना... ताईचं बोलणं मनावर घेऊ नका म्हटलं. एकटी राहून राहून तिचं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. कुणाचं बरं झालेलं बघवत नाही तिला... असंच काहीतरी. हमी मी घेतो म्हटलं. रागात होतो मी!"

"आणि त्यांना पटलं?"

"हो."

"लगेच?"

भावाने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, "लगेच. म्हणाल्या, अशा बाईला मुलांमध्ये ठेवणं बरं नाही."

ताई हसल्यासारखी झाली. भावजयीच्या त्या शब्दाने झाली नव्हती एवढी जखम या 'लगेच'ने केली... किती मुलांची कपाळं तिने त्या खोलीत चेपली होती, किती उलट्या धुतल्या होत्या, आणि तिच्या वेडावर विश्वास ठेवायला त्यांना एक क्षणही लागला नाही!

"आणा तो फोन," भावजय म्हणाली.

"अगं, कशाला? झालंय सगळं!"

"इकडे या आधी. हे बघा." तिने लेकीचे केस बाजूला केले. तो वाकला, त्याने पाहिलं, आणि पुढे केलेला ग्रीसने माखलेला हात मागे घेतला. नवऱ्याकडे न बघता तिने नंबर फिरवला.

"बाई, मी भिंगरीची आई बोलतेय. तुमचे उपकार झाले, पण आम्हाला प्रवेश नको... हो, माझाच निर्णय. आणि आमच्या ताईंबद्दल जे सांगितलं गेलं ना, ते साफ खोटं आहे. त्या का नको म्हणाल्या, ते मी सांगते तुम्हाला..."

ताई झटकन उठली. भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. उद्या ही गोष्ट शाळेच्या जिन्यावरून खाली उतरेल, शिकवणीत पोचेल, गल्लीत पोचेल. मुलं बोट दाखवतील... ताईने भावजयीचा हात धरला आणि 'नको' म्हणून जोरजोरात मान हलवली.

"ताई, तुमची नोकरी जाईल!" रिसीव्हरवर हात ठेवून ती कळवळून म्हणाली.

"जाऊ दे. पोरीचं सांगू नकोस."

भावजयीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने हात काढला. "कारण काही नाही, बाई. खोटं आहे एवढंच सांगायचं होतं." पलीकडून मोठ्या बाई बराच वेळ बोलत राहिल्या. "बरं," ती म्हणाली, "सांगते त्यांना."

फोन ठेवून ती वळली.

"कळलं मला," ताई म्हणाली. "सोमवारपासून यायचं नाही. होय ना?"

लिफ्टच्या खड्ड्यात बिनधास्त उतरणारा तिचा भाऊ लहान मुलासारखा तिच्यापुढे येऊन बसला. "ताई, मी हे काय करून बसलो गं! तू मला वाढवलंस आणि मी तुला वेडी ठरवून आलो..."

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. तेवढं बळ तिच्यात आत्ता नव्हतं, आणि तोही तिथून उठला नाही. भावजय लेकीला घेऊन ताईला अगदी चिकटून बसली.

"सोमवारी हिला डॉक्टरकडे न्यायचं," ताई म्हणाली. "आता मला वेळच वेळ आहे."

"तुम्ही एकट्या नाही," भावजय म्हणाली. "मी पाळी बदलून घेते. आपण दोघी नेऊ."