अंगठ्यावरची साय

ठमीला जंतूंची किळस कधी वाटली नाही. प्रयोगशाळेत लागल्यापासून तिचं काम माणसाच्या कातडीवर राहणाऱ्या साध्यासुध्या जंतूंशी. रोगबिग नाही, आपले घरचेच पाहुणे! त्यांना किती खायला घातलं की ते कसे वागतात, एवढंच बघायचं. पोटभर घाला, सुटेसुटे तरंगत राहतात, कोणी कोणाला विचारत नाही. उपाशी ठेवा, की एकमेकांना धरून काचेच्या तळाला चिकटतात आणि दुधावर साय धरावी तसा थर धरतात.

"आपलं उलटं आहे बघ," बाबा म्हणायचे. "आपल्याकडे पानं वाढली की मगच सगळे गोळा होतात."

त्या प्रयोगशाळेचा रिवाज असा, की नमुने घरच्यांचेच घ्यायचे. परक्याला 'जरा अंगठा पुढे करा' म्हणणार कोण? बाबांनी हसत हसत उजवा अंगठा पुढे केला, ठमीने त्यावर कापसाचा बोळा फिरवला. पुढे बाबा अचानक गेले. त्यांच्या अंगावरचं काही जिवंत उरलं असेल, तर ते ठमीच्या फ्रीजमधल्या बाटलीत.

घरी उरला होता त्यांचा फोन. सकाळी फिरताना बाबा गुणगुणायचे आणि ते त्यात रेकॉर्ड करून ठेवायचे. फोन उघडायचा त्यांच्या अंगठ्याने. नाहीतर आकड्यांनी, पण ते आकडे बाबा बरोबरच घेऊन गेले. गेले त्या दिवशी त्यांचा अंगठा त्यावर टेकवून घ्यावा, हे कोणाला सुचणार होतं? फोन एकदा बंद पडला की अंगठ्यालाही जुमानणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून आई तो सतत चार्जरला लावून ठेवायची. आता कोणाचा अंगठा येणार होता, देव जाणे.

"एकदा आवाज ऐकू दे गं त्यांचा," ती म्हणायची. "मग नाही काही मागणार."

प्रयोगाची पाळी बाबांच्या जंतूंवर आली तेव्हा ठमीने ते बशांमध्ये सोडले. कोणाला भरपूर खाणं, कोणाला बेताचं. एका बशीत मात्र ती खाणं घालायलाच विसरली. नुसतं मिठाचं पाणी. अशा बशीत काही वाढत नाही, ती टाकूनच द्यायची.

टाकायला घेतली, तर सगळ्यांत जाड थर तिच्यातच. खायला कण नाही, आणि हा वाढला कशावर? ठमीने डोकं खाजवलं. आपलीच काहीतरी गफलत, म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. बशी खिडकीशी तिरकी धरली तेव्हा थरावर रेषा दिसल्या. गोल गोल, एकात एक, आणि मधून एक आडवा छेद. बाबांच्या अंगठ्याला पूर्वी कधीतरी पत्रा लागला होता, त्याची खूण नेमकी तिथेच होती.

तिने शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "थराला सुरकुत्या पडतातच गं. तू जरा रजा घे बघू."

पटण्यासारखं होतं. ठमीला पटलंही. आणि तरी त्या गेल्यावर तिने हातमोजा काढला आणि अंगठा बशीत टेकवला. जन्मभर दुसऱ्यांना 'हात लावू नका' म्हणून ओरडणारी ही बाई! बाबांची फार आठवण आली, दुसरं काही नाही. बशीची काच गार होती, पण आतलं पाणी कोमट लागलं.

तिने साबणाने हात धुतले, वर स्पिरिट लावलं. त्या गडबडीत दुपारचा डबा तसाच राहिला. निघताना हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठा ओळखला नाही. पुसून ठेवला, पुन्हा तेच. हे काय नवीन, असं पुटपुटत ती घरी आली. टेबल आवरताना बाबांचा फोन उचलला.

फोन उघडला.

आईने किंकाळीच फोडली. मग दोघी फोनला कान लावून बसल्या. बाबा गुणगुणत होते, मधेच खाकरत होते. आई रडता रडता हसत होती. "माझी बाय ती! उपाशी असशील, बस," म्हणत तिने ठमीला वाढलं, नको नको म्हणताना आणखी वाढलं. ठमी पोटभर जेवली.

जेवून उठल्यावर फोन काही केल्या उघडेना.

सकाळी रिकाम्या पोटी उघडला. नाश्त्यानंतर नाही. ठमीचं डोकं चालेना. आपण जागे आहोत ना, हेही तिला नीट सांगता येईना. अंगठा उजेडात धरला तर त्यावर आडवा छेद दिसत होता. तिला कधी पत्रा लागलेला नव्हता.

"आई, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "खाल्लं की सुटायला लागतं हे. उपाशी राहिलं की घट्ट धरतं. काल पेरापर्यंत होतं, आज तळव्यावर उतरलंय."

आईने तिचा हात हातात घेतला. तळव्यावरून बोट फिरवत राहिली.

"त्यांचाच हात," ती म्हणाली.

"मी भरपूर जेवते आता. जाईल सगळं."

आईने चार्जरवरचा फोन काढला आणि पदराने पुसत बसली.

दुपारी आईने हाक मारली. जन्मात कधी 'पुरे' न ऐकणारी आई! ठमी पाटावर बसली. ताट कोरडं होतं. शेजारी पाण्याचं भांडं.

"आई, भात?"

"उद्या बघू," आई म्हणाली. तिच्या मांडीवर फोन होता. "पाणी पी."

ठमीने घोट घेतला. पाणी खारट होतं.

मिठाच्या पाण्याबद्दल ती घरी एक अक्षर बोलली नव्हती.